राहीमावशीची अर्धी वाकळ

धारूरला आमच्या गल्लीत कुणाच्या अंगावरचं कापड विरायला लागलं, की ते घालणाऱ्याच्या आधी राहीमावशीला कळायचं. समोरून माणूस आला की बाकीचे लोक त्याचं तोंड बघतात. मावशी कोपर बघायची. मग गुडघा. मग धोतराचा सोगा. तोंडाकडे तिची नजर सगळ्यात शेवटी जायची, आणि तोवर तिनं मनातल्या मनात त्या माणसाचे चौकोनी तुकडे कापून ठेवलेले असायचे.

माझी तिची ओळख अशीच झाली. मी युसूफ वडगाव या गावची. लग्न होऊन धारूरला आले, माप ओलांडून आत बसले, आणि गल्लीतल्या बायका नवरीचं तोंड बघायला जमल्या. कुणी म्हणालं नाक सरळ आहे, कुणी म्हणालं वडगावच्या पोरी कामाला बऱ्या असतात. एवढ्यात गर्दीतून एक उंच, वाळकी बाई पुढे आली. तिनं माझा पदर दोन बोटांत धरून चोळला, दाराच्या उजेडाकडे नेऊन आरपार बघितला आणि म्हणाली, "पोत लई चांगलं हाय. पाच-सहा वर्सं जाईल. मग मला दे बाई, दुसऱ्या कुनाला देऊ नगंस."

माझ्या लग्नाच्या लुगड्याचं पुढचं सगळं आयुष्य लग्नाच्याच दिवशी ठरून गेलं. सासूबाई भडकल्या. "राहे, अगं आज तर पोर घरात आली!"

"म्हनून तर आजच सांगून ठिवते," मावशी म्हणाली. "उशीर केला की मानसं पोतेरं करत्यात अन् जमीन सारवत्यात त्येनं."

मावशी वाकळ शिवायची. आता वाकळ काय, सगळ्याच घरी शिवतात. जुनी लुगडी एकावर एक अंथरायची, वरून रंगीबेरंगी तुकडे लावायचे, कडेकडेनं दोरा घालत घालत मधे यायचं, की झाली. आमच्या धारूरला तर तिच्यावाचून गत नाही. डोंगरावरचं गाव, आणि थंडीच्या दिवसांत किल्ल्याच्या अंगानं वारा सुटला की माणसं संध्याकाळपासूनच वाकळेत शिरतात. पण बाकीच्या बायका वाकळ आपापल्या घरी शिवतात. मावशी ती गावभर शिवायची. दुपारची जेवणं आटोपली की डोक्यावर वाकळेचं गाठोडं, पदराला खोचलेली सुई, अशी ती निघायची. जे दार उघडं दिसेल तिथं आत शिरायची, ओसरीवर फतकल मारून वाकळ पसरायची, आणि घरातली जी बाई हाताशी सापडेल तिला विचारायची, "काय खुपतंय सांग."

या सवालाला बरोबर असं उत्तर नव्हतं. नवी होते तेव्हा मी आपलं चांगुलपणानं म्हणून गेले, "बरी आहे की, मावशी."

"बरी हाय म्हन्ती! मानूस बरा कवा असतो? ताप उतरल्यावर. माझ्या वाकळेला ताप आलता का?"

मग मी शहाणी झाले. दुसऱ्या खेपेला मुद्दाम खोड काढली. म्हटलं, "तो निळा तुकडा जरा डोळ्यात येतो."

"त्यो तुझ्या चुलत सासऱ्याचा पटका हाय. त्येला कुठंबी बशिवलं तरी त्यो डोळ्यात येनारच. त्यात माझी काय चूक?"

पण दुसऱ्या दिवशी वाकळ आली तेव्हा निळा तुकडा उसवून खालच्या कोपऱ्यात गेलेला होता. मावशीचं असंच चालायचं. तोंडानं कुणाचं ऐकायची नाही, हातानं सगळ्यांचं ऐकायची. त्यामुळे शिवणं थोडं आणि उसवणं फार. मी सासरी आले तेव्हा वाकळ अर्धी होती. माझी थोरली रांगायला लागली तेव्हाही अर्धीच होती. ती पावलं टाकायला लागली तेव्हा मला वाटलं, आता पाऊण झाली असेल. तर त्याच आठवड्यात समोरच्या घरातली हसीनाबी काहीतरी बोलली आणि मावशीनं वरची सगळी पट्टी उसवली.

मावशीच्या वाकळेत तुकडे नव्हते, माणसं होती. ती रंगाचं नाव घ्यायची नाही, माणसाचं घ्यायची. "तांबोळणीला जरा वर सरकिवते." "पाटलीनबाईला कडंला घेतलं तर रुसंल का गं?" एकदा भर ओसरीवर ती मोठ्यानं म्हणाली, "भटजीला उलटा लावला वाटतं मी," आणि आत देवाजवळ बसलेले खरेखुरे भटजी दचकून बाहेर डोकावले.

आमच्या गल्लीत आप्पा आणि नाना असे दोघे चुलतभाऊ होते. शेताच्या बांधावरून त्यांचं बोलणं कधीचं बंद. समोरासमोर आले तर एकजण भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. दोघांची फाटकी धोतरं मावशीकडे आली आणि तिनं पांढऱ्याशेजारी पांढरं म्हणून दोन्ही तुकडे शेजारी शेजारी लावले. आप्पा आमच्याकडे मोटेचा दोर मागायला आले होते. ओसरीवर वाकळ पसरलेली. आप्पा थबकले. तुकड्यावरचा काताचा डाग त्यांनी ओळखला.

"हे धोतर माझं हाय."

"तुमचंच की," मावशी सुई न थांबवता म्हणाली.

"अन् शेजारी कुनाचं?"

"नानाचं."

"काढा. आत्ताच्या आत्ता काढा. आमचा एकमेकाशी याव्हार न्हाई."

मावशीनं वर बघितलं. "आप्पा, ते धोतर हाय. त्येला कुठं शेत हाय?" पण आप्पा ऐकेनात. शेवटी तिनं दोन्ही तुकड्यांच्या मधे एक लाल चिंधी शिवली. "ह्यो घ्या बांध. झालं समाधान?"

दुसऱ्या दिवशी नाना हजर. गल्लीत गोष्ट राहते थोडीच! नानांनी वाकून वाकळेवर वीत टाकली, आपला तुकडा मोजला, आप्पांचा मोजला आणि ओरडले, "बांध माझ्या अंगावर ढकलला हाय!"

आप्पांना बोलावणं गेलं. कित्येक वर्षं एकमेकांचं तोंड न बघितलेले दोघे भाऊ आमच्या ओसरीवर समोरासमोर उभे राहिले आणि एका चिंधीवरून असे भांडले, असे भांडले, की आमची म्हैस दावं तोडायला बघत होती. मावशी शांतपणे दोरा ओवत होती. मधेच एवढंच म्हणाली, "भांडा खुशाल. पर पाय तेवढे वाकळेवरून काढा." समेट काही झाला नाही. पण त्या दिवसापासून भिंतीकडे तोंड करणं मात्र बंद झालं. दिसले की भांडायचे. आप्पांची बायको मला म्हणाली, "न्हाई त्यापरीस बरं. निदान आवाज तरी वळखीचा हाय म्हनायचा."

आणि अमीनसाहेबांची गोष्ट तर धारूरच्या बाजारात कुणीही सांगेल. अमीनसाहेब म्हणजे पोलीस ठाण्याचे मोठे अंमलदार. हैदराबादकडचे. उर्दू सोडून दुसरी भाषा येत नव्हती. त्यांची एक काळी शेरवानी होती, आणि टेबलावर हात टेकून टेकून तिची कोपरं विरली होती. ही गोष्ट ठाण्यातल्या कुणाच्या ध्यानात आली नव्हती. मावशीच्या आली. ती सरळ ठाण्याच्या पायरीवर जाऊन उभी राहिली. शिपायाला वाटलं, फिर्याद आहे.

"काय गुन्हा झाला, बाई?"

"गुन्हा न्हाई झाला. सायबाची कोपरं गेल्यात. नवी शेरवानी कवा शिवनार तेवढं इचारा."

शिपाई घामाघूम. आतून साहेबांचा आवाज आला, "क्या बोल रही है ये?" शिपायानं कसंबसं उर्दूत घातलं. साहेबांनी आधी मावशीकडे बघितलं, मग स्वतःच्या कोपराकडे बघितलं, आणि गावाला चळचळा कापायला लावणाऱ्या त्या माणसानं दोन्ही हात टेबलाखाली घेतले. ईदेला नवी शेरवानी आली. जुनी बेगमसाहेबांनी शिपायाच्या हाती मावशीकडे धाडली. मावशीनं तिचा एक हातभर तुकडा वाकळेच्या ऐन मधोमध लावला. पुढे झालं असं, की आमच्या ओसरीवर येणारी गडीमाणसं त्या तुकड्याला वळसा घालून जायला लागली. तलाठ्याला आणि पाटलाला तुडवून जायची, अमीनसाहेबांवर पाय द्यायची कुणाची छाती नव्हती.

या सगळ्यात मावशीला तोडीस तोड एकच माणूस होतं, ते म्हणजे हसीनाबी. आमच्या समोरच्या घरातल्या दर्ज्याची बायको. तिचा हात कशिद्याचा. बारीक सुई, रेशमाचा धागा, तिळाएवढं फूल. लेकीच्या लग्नासाठी ती एक ओढणी भरत होती. दुपारी दोघी आमच्या ओसरीवर यायच्या, आपलं काम एकमेकींच्या मांडीवर टाकायच्या, आणि मग ऐकत राहावं.

"राहीबाई, ह्यो टाका हाय का बैलगाडीची वाट? अरे माँ, आंधळ्यालाबी दिसतो."

"तुझं फूल तर डोळसालाबी दिसंना. मुंगीसाठी भरतीस का मानसांसाठी?"

"ये रंग नक्को. हिरव्याजवळ पिवळा असा काय बसवला, कावीळ झाल्यासारखा?"

"अन् तुझी येल बघ. पान डावीकडं, फूल उजवीकडं. येलीलाच कळंना कुठं जावं."

अशा एकमेकींची सालं काढायच्या आणि उठताना दोघी गपचूप तेच उसवायच्या जे दुसरीनं सांगितलं. हसीनाबीची ओढणी मात्र लग्नाच्या आत पुरी झाली. लेक परळीला सासरी गेली. ओढणी सगळ्यांनी वाखाणली. मावशीनं त्या दिवशी खोड काढली नाही. नुसती त्या कापडावरून बोटं फिरवत राहिली आणि म्हणाली, "आता तू काय करशील गं दुपारचं?" आम्हाला वाटलं, सहज विचारते आहे.

सासूबाईंना मात्र मावशीच्या वाकळेचा कंटाळा आला होता. एक तर ओसरी रोज अडायची. दुसरं म्हणजे सासूबाईंचा स्वभाव हातातलं काम पुरं केल्याशिवाय पाणी न पिणारा. त्यांना ती अर्धी वाकळ दिसली की जीव कासावीस व्हायचा. "राहे, माझ्या डोळ्यादेखत ही पुरी होऊ दे गं बाई," त्या म्हणायच्या.

"अजून कच्ची हाय," मावशीचं ठरलेलं उत्तर.

एका हिवाळ्यात मावशी आमच्या ओसरीवर शिवत बसलेली असताना तिच्या हातातून सुई पडली. बघते तर ओठ निळे, अंगाला कापरं. हिवताप होता. मी म्हटलं, "इथंच पडा, मावशी." पण ती उठली. "वाकळ राहू दे इथंच. मी जाते," म्हणाली आणि भिंतीला धरत धरत गेली. आमचा गडी रोज तिच्याकडे पेज पोचवायचा आणि परत येऊन सांगायचा: आज उठून बसल्या, आज पेज निम्मी घेतली. आपण जाऊन बघावं हे आमच्या कुणाच्या मनात आलं नाही. मावशीनं आमच्याकडे यायचं, अशीच रीत पडून गेली होती.

वाकळ ओसरीच्या कोपऱ्यात पडून होती. येता-जाता सासूबाईंच्या ती डोळ्यात सलायची. एका दुपारी त्या उठल्या, वाकळ पसरली आणि हाक मारली, "हसीना, ये गं. आप्पाच्या बायकोलाबी बोलीव. ती उठायच्या आत ही पुरी करून टाकू. एकदाची तीबी सुटंल अन् मीबी."

हसीनाबी जरा घुटमळली. "तिला न इचारता?"

"इचारलं तर तुझी माझी तिरडी निघंल तरी व्हायची न्हाई."

मग काय! चार बाजूंना चौघी बसलो. मला वाटलं होतं, दोन दुपारी लागतील. पण एकीचा टाका लांब, एकीचा आखूड. सासूबाईंना दोरा ताणायची सवय, त्यामुळे त्यांच्या बाजूला वाकळेला वळ्या पडायला लागल्या. आप्पांच्या बायकोनं सगळ्यांचा डोळा चुकवून लाल चिंधी बोटभर नानांच्या बाजूला सरकवली. हसीनाबीनं कडेनं कशिद्याची वेल भरायला घेतली आणि कुणी घाई करा म्हटलं की डोळे वटारायची. भांडता भांडता का होईना, शेवटचा कोपरा मिटला. सासूबाईंनी दोरा दातानं तोडला आणि त्या दिवशी त्या तांब्याभर पाणी प्याल्या.

मावशी बरी होऊन आली तेव्हा आणखी वाळली होती. दारातूनच तिची नजर कोपऱ्याकडे गेली. सासूबाईंनी मोठ्या तोऱ्यात वाकळ तिच्यापुढे उलगडली. आम्ही सगळ्या वाट बघत होतो, आता कुणाकुणाचा टाका निघतो. मी तर माझी बाजू वाकडी झाली म्हणून आधीच भिंतीआड सरकले होते.

मावशी खाली बसली. चारी कडांवरून तिनं हात फिरवला. हसीनाबीच्या वेलीवर जरा थांबली.

"झाली?" तिनं विचारलं.

"झाली," सासूबाई म्हणाल्या. "काय खुपतंय ते तूच सांग आता."

"काईच न्हाई खुपत," मावशी म्हणाली. "लई चांगली झाली. लई कष्ट केले तुमी."

एवढी वर्षं मी त्या बाईच्या तोंडून वाकळेबद्दल 'चांगली' हा शब्द ऐकला नव्हता. हसीनाबीनं माझ्याकडे बघितलं, मी हसीनाबीकडे. मावशीनं वाकळेची नीट घडी घातली, डोक्यावर घेतली आणि गेली. पाणीसुद्धा मागितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. सासूबाई ओसरी रिकामी मिळाली म्हणून खूश. त्यांनी तिथं मिरच्या वाळत घातल्या. तिसऱ्या दिवशीही आली नाही. मग कुणी दिवस मोजले नाहीत, पण सासूबाईंचं एकेक बघण्यासारखं होतं. दुपार झाली की उगीच दारात जायच्या. "ऊन किती झालं बघते," म्हणायच्या. मिरच्या उचलून आत नेल्या, आणि ओसरी झाडून ठेवली. एकदा सुया-बिब्बे विकणारी वैदीण ओरडत गल्लीतून गेली, तिच्या आवाजावर एरवी मावशी सगळ्यात आधी धावायची. आज कुणीच धावलं नाही. वैदीण आमच्या दाराशी थांबून म्हणाली, "ती उंच बाई न्हाई का हो आज? दाभनाला चार खोडी काढनारी?"

सासूबाई पदर सावरून उठल्या. "चल गं," मला म्हणाल्या. "ताप परत उलटला का काय, बघून येऊ." समोरून हसीनाबीला घेतलं आणि आम्ही तिघी निघालो.

गल्ली जिथं संपते तिथं किल्ल्याच्या बाजूला तीन-चार लहान घरं होती. तिथं आम्ही थांबलो. सासूबाईंनी हसीनाबीला विचारलं, "ह्यातलं राहीचं कंचं?"

"मला काय ठाव? मला वाटलं तुमाला ठाव हाय."

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मला तर ठाऊक असायचं कारणच नव्हतं. पेज पोचवणारा गडी रानात गेलेला. गावातली एक ओसरी मावशीनं सोडली नव्हती, आणि तिचं दार कुठलं ते आमच्यापैकी एकीलाही माहीत नव्हतं. शेवटी शेळ्या घेऊन चाललेल्या एका म्हाताऱ्याला विचारलं, त्यानं काठीनं दाखवलं.

दार उघडंच होतं. एक खोली, सारवून लख्ख केलेली. एक चूल, एक ताट, एक तांब्या. दोरीवर वाकळ घडी घालून टाकलेली. मावशी भिंतीला टेकून नुसती बसली होती. हातात काही नव्हतं. तिला बिनकामाची बसलेली मी पहिल्यांदा बघितली. आम्हाला बघून ती अशी घाईनं उठली, जणू तिच्याकडून काही सांडलं.

"काय झालं? कुनाला काय झालं?"

"काय व्हायचंय?" हसीनाबी म्हणाली. "तुमीच सांगा राहीबाई, कावून रुसलात? आमी वाकळ पुरी केली म्हनून?"

"रुसले न्हाई गं," मावशी म्हणाली. "तुमी चांगल्यापायी केलं. पर आता काई काम न्हाई ना हातात. बिनकामाचं कुनाच्या दारात कसं यायचं?"

"म्हंजी?" सासूबाई म्हणाल्या.

मावशी जमिनीकडे बघतच सासूबाईंना म्हणाली, "काशे, तुला तर ठाव हाय. नवरा हैदराबादला पलटनीत गेलता. आज येईल, उद्या येईल. न चिठ्ठी, न निरोप. धर्मापुरीला सासरची मानसं म्हनाली, जा म्हायेरी. म्हायेरी आले तवा आई-बाप व्हते, मग तेबी गेले. हळदीकुकवाला मला बोलवावं तर नवऱ्याचा पत्ता न्हाई. रंडकी म्हनून टाळावं तर कपाळाला कुकू हाय. मानसं तरी काय करतील? त्येंना कळंना, म्हनून बोलवनंच सोडलं. आपनहून गेले तर घरातल्या बाया इचारायच्या, कावून आलीस राही? काय पायजे? मला काईच नको असायचं. पर तसं सांगता येत न्हाई." तिनं दोरीवरच्या वाकळेकडे बघितलं. "वाकळ घेऊन गेलं की कुनी इचारत न्हाई कावून आलीस."

हसीनाबीनं ओढणी डोळ्याला लावली. मी सासूबाईंकडे बघितलं. माझ्या लग्नानंतर आमच्या घरी केवढं मोठं हळदीकुंकू झालं होतं. सबंध गल्ली जेवून गेली होती. त्यात मावशी होती का, हे मी आठवायला लागले आणि आठवेना. सासूबाईंना बहुतेक आठवत होतं. त्यांचं तोंड एकदम लहान झालं. माफी मागण्याची त्यांना सवय नव्हती. जन्मात त्यांनी ती कुणाची मागितली नसेल. त्या एकदम खेकसल्या, "अन् आमी आलो तर उभंच ठिवनार हायस का? बसाया टाकशील का न्हाई काई?"

मावशीची धांदल उडाली. तिच्याकडे पाट एकच होता. तिनं तो सासूबाईंपुढे ठेवला, मग उचलला, मग हसीनाबीपुढे ठेवला. शेवटी तिनं दोरीवरची वाकळ ओढली, झटकून खाली अंथरली आणि म्हणाली, "बसा. सगळ्याच बसा."

आम्ही बसलो. ती गूळ शोधायला लागली. गूळ होता, पण बोटभर. तिनं त्याचे तीन खडे केले, एका ताटलीत ठेवले, आणि एकुलता एक तांब्या भरून आणला. आम्ही आळीपाळीनं वरून पाणी प्यायलो. आणि मग मावशी बोलायला लागली. ताप कसा चढला, गड्यानं पेजेत मीठ कसं जास्त घातलं असणार, ह्या भिंतीतून उंदीर कुठून येतो, पहाटे किल्ल्यावर मोर कसे ओरडतात. तिच्या घरी बसून तिचं ऐकणारं कुणी कधी आलंच नव्हतं. सासूबाई मधेमधे तिच्या चुलीची खोड काढत होत्या, धूर नीट जात नाही म्हणून, आणि मावशी जोरात भांडत होती. हसीनाबीनं ठरवून टाकलं, की धाकट्या लेकीची ओढणी ती इथं बसूनच भरणार. उजेड म्हणे या दारातून चांगला येतो.

ऊन उतरलं. आम्ही उठलो. सवाष्णी उठल्या की घरच्या बाईनं कुंकू लावायचं, ही रीत. मावशीनं कोनाड्यातला करंडा काढला, झाकण उघडलं आणि तशीच उभी राहिली. बोट करंड्यात होतं, हात वर येईना. आपण लावावं का नाही, हे तिला समजत नव्हतं.

सासूबाईंनी कपाळ पुढे केलं. "लाव की," त्या म्हणाल्या. "हात दुखतोय का?"

मावशीनं लावलं. मग मला लावलं. तिचं बोट थंडगार होतं. हसीनाबीला कुंकू नको, म्हणून ताटलीत चिकटलेला गुळाचा चुरा गोळा करून तिच्या तळहातावर ठेवला. हसीनाबीनं तो तिथंच तोंडात टाकला.

मावशी आम्हाला पोचवायला दाराबाहेर आली. मग शेजारच्या घरापर्यंत आली. मग बोलता बोलता गल्लीच्या वळणापर्यंत. वळणावर सासूबाई म्हणाल्या, "जा आता, नुकतीच तापातून उठलीस." मावशी म्हणाली, "हे एवढं सांगते अन् जाते," आणि ते सांगता सांगता ती आमच्या दाराशी आली. हसीनाबी आपल्या घरात गेली. आता अंधार पडायला आला होता. सासूबाई म्हणाल्या, "एकली कशी जाशील? चल, मी येते वळणापतुर."

मी आत जाऊन दिवा लावला, चूल पेटवली. हे रानातून आले, हातपाय धुतले आणि विचारायला लागले, "आई कुठं हाय?"

"राहीमावशीला पोचवायला गेल्यात."

"मावशी कशाला आलती?"

"आईंना पोचवायला."

ते दारात गेले आणि गल्लीत बघत उभे राहिले. मी भाकरी थापत होते. थोड्या वेळानं दोघींचे आवाज ऐकू आले, धूर कुठून काढावा यावरून चाललेले. आवाज आधी लांब गेले, वळणाजवळ थांबले, आणि मग पुन्हा आमच्या घराकडे यायला लागले.